आधी बातमी, मग अहवाल

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका आहे. नीरा नरसिंहपूरला नद्या एकमेकींना मिळतात आणि तिथेच पुणे जिल्हा संपतो. पश्चिमेला लागून बारामती. नीरा डाव्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणला, उसामागोमाग माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडीचे कारखाने आले आणि कारखान्यांमुळे दर दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे येऊ लागली. उत्तरेला उजनीचा फुगवटा, मधून पुणे–सोलापूर महामार्ग, बारामतीला एमआयडीसी आणि वसतिगृहांनी भरलेली महाविद्यालये. वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी याच दोन तालुक्यांतून जाते. साचलेले पाणी, फिरती माणसे आणि गोठ्यांना लागून असलेली घरे. साथीला लागते ते सगळे इथे आहे.

साथ आली हे सगळ्यात आधी कळते कोणाला? वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर ‘गावातल्या डॉक्टरला’ असे होते. आज बहुतेक जण ‘गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपला’ असे देतील. या दोन उत्तरांच्या मधल्या काळात देशात एक यंत्रणा उभी राहिली. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम हे तिचे पूर्ण नाव. आरोग्य खात्यात सगळे तिला आयडीएसपी म्हणतात. बारामतीत किंवा इंदापुरात तिची पाटी शोधायला गेलात तर सापडणार नाही. पंचायत समितीतला तालुका आरोग्य अधिकारी, लासुर्णे, पळसदेव, होळ, मोरगाव अशा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातल्या नर्सताई, पायी फिरणारे आरोग्यसेवक आणि आशाताई, एवढेच तिचे खालचे टोक. वरचे टोक दिल्लीत. मध्ये पुणे: राज्याचा सर्वेक्षण कक्ष आरोग्य सेवांच्या पुण्यातल्या सहसंचालक कार्यालयातून चालतो आणि जिल्ह्याचा कक्ष वेगळा. बातम्या आणि समाजमाध्यमे यांच्याकडे या यंत्रणेने आधी संशयाने, मग नाइलाजाने आणि शेवटी कामाची चीज म्हणून कसे पाहिले, तिच्या प्रवासातला हाच भाग मला सगळ्यात रंजक वाटतो.

तिची जन्मकथा मराठी मुलखातूनच सुरू होते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या तापाचे रुग्ण निघाले. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसांच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने सुरत सोडून निघाली, त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेले खूप होते. वर्तमानपत्रांतले मृतांचे आकडे आणि सरकारी आकडे यांचा एकमेकांशी मेळ बसेना. परदेशांनी विमाने थांबवली, माल अडवला. प्लेग किती होता यावर तज्ज्ञ पुढे अनेक वर्षे वाद घालत राहिले. मात्र ‘खरे काय चालले आहे’ हे खात्रीने सांगणारे कोणीच देशात नव्हते, यावर वाद झाला नाही. त्या नामुष्कीतून १९९७-९८ मध्ये काही जिल्ह्यांपुरता साथरोग सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने आयडीएसपी. पहिल्या टप्प्यातल्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता.

कामाची रीत कागदी होती. तीन नमुने: ‘एस’, ‘पी’ आणि ‘एल’. उपकेंद्रातल्या नर्सताईंनी लक्षणांवरून ‘एस’ भरायचा: ताप, तापाबरोबर पुरळ, खोकला, पातळ जुलाब, कावीळ. डॉक्टरने तपासून वाटलेला आजार ‘पी’मध्ये लिहायचा. प्रयोगशाळेने सिद्ध केलेला ‘एल’मध्ये. सोमवार ते रविवार असा आठवडा धरायचा आणि कागद केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला पाठवायचे. ज्या आठवड्यात काहीच नाही त्या आठवड्यातही ‘निरंक’ लिहून पाठवायचे. कागदच न येणे आणि निरंक येणे यांत फार फरक असतो, हे सर्वेक्षणाचे पहिले सूत्र; पण सवयीने निरंक लिहिले जाऊ लागले की तो फरक पुसला जातो. ‘एस’ नमुन्यात तळाला एक ओळ होती: नेहमीपेक्षा वेगळी लक्षणे, ज्यांमुळे माणूस दगावला किंवा दवाखान्यात दाखल झाला. सगळ्या कागदातली सर्वांत महत्त्वाची ओळ ती. ती भरायची तर भरणाऱ्याला ‘नेहमीचे काय’ हे ठाऊक असावे लागते, आणि वर वेगळे काही कळवल्याचा त्रास सोसण्याची तयारीही.

नव्या यंत्रणेची परीक्षा लगेच झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही, पण दूरचित्रवाणीवर पांढऱ्या पोशाखातली माणसे कोंबड्या पुरताना दिसली आणि राज्यभर चिकनचा खप कोसळला. नवापूरपासून कितीतरी कोस लांब असलेल्या पोल्ट्रीवाल्यांनाही झळ बसली. त्याच सुमारास चिकुनगुनिया परतला. १९७३ मध्ये बार्शीला त्याची मोठी साथ आली होती, त्यानंतर तो तीन दशके गडप झाला होता. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. सांधे धरून बसलेली गावेच्या गावे लोकांनी पाहिली आणि वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांनी ती छापली. साप्ताहिक कागद मात्र आठवड्याच्या चालीनेच चालत होते. बातमी रोज निघते, अहवाल सोमवारी निघतो, आणि डास रविवारची सुटी घेत नाही.

जुलै २००८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेत (पुढच्याच वर्षी तिचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र झाले) एक छोटा कक्ष उघडला: माध्यमांवर नजर ठेवून बातमीची शहानिशा करणारा. काम साधे. वर्तमानपत्रे, वाहिन्या, बातम्यांची संकेतस्थळे चाळायची, साथीची शंका येईल अशी बातमी उचलायची आणि त्या त्या जिल्ह्याला विचारायचे: हे खरे आहे का? त्या वर्षाच्या सुरुवातीला १०७५ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही सुरू झाला होता. म्हणजे संस्थेने दोन कान लावले, एक डॉक्टरांच्या आणि नागरिकांच्या फोनला, दुसरा बातमीला.

ही कल्पना दिल्लीची नव्हती. १९९४ मध्येच अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी प्रोमेड सुरू केले होते. जगभरातले डॉक्टर आणि पशुवैद्य ईमेलने साथींच्या वार्ता पाठवत आणि जाणकार संपादक त्या पारखून पुढे धाडत. कॅनडाने १९९७ च्या सुमारास जीपीएचआयएन नावाची संगणकीय चाळणी उभारली. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात फ्लूसारखा आजार पसरल्याची एक चिनी बातमी त्या चाळणीत अडकली होती. तो सार्स होता, हे जगाला काही महिन्यांनी कळले. बॉस्टनच्या बालरुग्णालयात २००६ मध्ये हेल्थमॅप निघाला, त्याने बातम्या नकाशावर मांडल्या. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा पसरला तेव्हा पहिल्या शंभर दिवसांतल्या ट्विटरवरच्या नोंदी आणि हेल्थमॅपच्या बातम्या सरकारी आकड्यांशी ताडून पाहिल्या गेल्या. चढउतार बऱ्यापैकी जुळले, आणि अनौपचारिक माहिती अधिकृत माहितीच्या दोन आठवड्यांपर्यंत आधी हाती आली होती. या एका अभ्यासाने अनेकांना फार मोठी आशा लावली.

आपल्याकडे मात्र एक जुनी अडचण होती. जिल्हा प्रशासनात बातमीचे कात्रण नेहमी एकाच कारणाने फिरते. साहेबांच्या टेबलावर कात्रण येते, त्यावर शेरा पडतो आणि ते ‘वस्तुस्थितीदर्शक अहवाल तात्काळ सादर करावा’ अशा पत्राला जोडून खाली उतरते. बातमी म्हणजे ठपका, आणि अहवाल म्हणजे खुलासा. खुलाशाची भाषाही ठरलेली: साथ आटोक्यात आहे, पाणी शुद्धीकरणाची टीसीएल पावडर उपलब्ध आहे, कंटेनर सर्वेक्षण केले आहे, डासांच्या अळ्यांवर ॲबेट टाकले आहे, धूरफवारणी झाली आहे. दिल्लीच्या कक्षाला हवा होता तो सुगावा. खालच्या माणसाला पोहोचत होती ती नोटीस. एकाच कागदाचे हे दोन अर्थ यंत्रणेत आजही एकत्र नांदतात. ‘आमच्याकडे साथ आहे’ असे आपणहून कळवणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला शाबासकी मिळते की चौकशी लागते, यावर कोणत्याही तालुक्यातल्या सर्वेक्षणाची प्रत ठरते, असे माझे मत आहे. यंत्रे बदलल्याने हे बदललेले नाही.

माध्यमांच्या लक्षाचा माग कुठे चुकतो, हे पुणे जिल्ह्याने २००९ मध्ये पाहिले. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला बळी. पुढचे काही आठवडे पुणे शहर वाहिन्यांच्या पडद्यावरून हलले नाही. शाळा बंद, चित्रपटगृहे बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा, मास्कचा काळाबाजार. खेड्यापाड्यांतून पुण्याला शिकायला पाठवलेली मुले आईबापांनी माघारी बोलावली. त्या वर्षी देशात २७,२३६ रुग्ण नोंदले गेले आणि ९८१ जण दगावले. दुसऱ्या वर्षी, २०१० मध्ये, रुग्ण २०,६०४ झाले आणि मृत्यू १,७६३. रुग्ण घटले, मृत्यू जवळजवळ दुप्पट; आणि बातम्या? त्या आतल्या पानावर गेल्या होत्या. कोणी बातम्यांच्या संख्येवरून साथीचा आलेख काढला असता तर साथ २००९ च्या ऑगस्टात शिखरावर गेली आणि पुढे ओसरली, असे दिसले असते. लोकांचे लक्ष नव्या भीतीला भरभरून मिळते. त्याच भीतीचा दुसरा हंगाम आला की ते आखडते. सर्पदंश, क्षयरोग यांच्या वाट्याला तर पहिला हंगामही कधी आला नाही.

हाच धडा गुगललाही मिळाला. लोक कोणत्या लक्षणांविषयी शोध घेतात यावरून फ्लूचा अंदाज बांधणारे त्यांचे साधन २००८ च्या अखेरीस निघाले; २०११ मध्ये डेंगीसाठी तसेच साधन आले, आणि त्यातल्या पहिल्या पाच देशांत भारत होता. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या फ्लूचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. बातम्यांनी घाबरलेली निरोगी माणसेही शोध घेत होती, असे एक कारण जाणकार देतात. २०१५ मध्ये दोन्ही साधने बंद झाली.

मग स्मार्टफोन वाडीवस्तीवर पोहोचले. बारामती–इंदापूरच्या बाबतीत ही गोष्ट आणखी वेगाने घडली. राजकारणामुळे या भागात प्रत्येक दैनिकाचा बातमीदार आहे, स्थानिक पोर्टले आहेत, यूट्यूबवरच्या वाहिन्या आहेत. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे वसुंधरा वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. बारामतीत कोणी शिंकले तर मुंबईत बातमी होते, असे गमतीने म्हणता येईल. मार्च २०२० च्या अखेरीस बारामतीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि एप्रिलमध्ये शहरात ‘भिलवाडा पॅटर्न’ लागू झाला तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. सीमा बंद करून घरोघर तपासणी करण्याची ती राजस्थानी रीत इथे किती फळली यावर मतभेद असतील. पण तालुक्याच्या गावातले सर्वेक्षण राज्याच्या पहिल्या पानावर गेले होते. त्याच लक्षाची काळी बाजूही तेव्हाच दिसली. रुग्णाचे नाव, गल्ली, कुटुंबाचे फोटो अहवालाआधी मोबाइलवर फिरायचे, आणि मग शेजारी तपासणीला यायला कचरायचे. जे लक्ष साथ शोधायला उपयोगी पडते तेच रुग्णाला लपायला लावते. सर्वेक्षणाच्या पाठ्यपुस्तकांनी या गोष्टीची पुरेशी दखल घेतलेली नाही.

करोना महाराष्ट्रात यायच्या आधीच त्याच्या अफवेने इथले नुकसान केले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘चिकन खाल्ल्याने करोना होतो’ हा मजकूर फिरला आणि कोंबडीला गिऱ्हाईक उरले नाही. नवापूरला निदान विषाणू तरी होता. २०२२ मध्ये जनावरांचा लम्पी आजार आला. त्या वर्षीचा राज्यातला पहिला प्रादुर्भाव ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात नोंदला गेला आणि बघता बघता दुधाच्या पट्ट्यात पोहोचला. दूध पिऊ नका, असे संदेश पाठोपाठ निघाले. लम्पी माणसाला होत नाही, हे पशुसंवर्धन खात्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. दुधावर संसार चालणाऱ्या भागात अशा संदेशाची किंमत लिटरमध्ये मोजली जाते. खरे तर इथे एक मोठी फट आहे: माणसांच्या आजाराची नोंद एका खात्यात, जनावरांच्या आजाराची दुसऱ्या. अफवेला असले खातेवाटप माहीत नसते.

५ एप्रिल २०२१ रोजी यंत्रणेने कागद सोडला. एकात्मिक आरोग्य माहिती मंच, म्हणजे आयएचआयपी, देशभर सुरू झाला. त्याआधी २०१८ पासून काही राज्यांत त्याची चाचणी चालू होती. आता नर्सताईंच्या हाती टॅब आला. नोंद आठवड्याऐवजी रोजची झाली आणि गावनिहाय नकाशावर दिसू लागली. रेंज नसणे, सर्व्हर बसणे, एकच माहिती चार ॲपमध्ये भरावी लागणे, या तक्रारी त्याच्याबरोबरच आल्या आणि राहिल्या.

नवा मंच सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच बारामतीच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात एक प्रकरण घडले. बेलसर गावात जुलैच्या सुरुवातीपासून तापाचे रुग्ण वाढत होते. देशभर करोनाची दुसरी लाट नुकती ओसरलेली. माध्यमांना दुसरा ताप दिसतच नव्हता. आरोग्य यंत्रणेने पाच रुग्णांचे रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, एनआयव्हीकडे, पाठवले. तिघांना चिकुनगुनिया निघाला. इथे थांबता आले असते. चिकुनगुनिया म्हणजे काही नवल नव्हते. पण २७ ते २९ जुलै या तीन दिवसांत पथकाने गावात जाऊन ४१ जणांचे नमुने घेतले. त्यांत २५ चिकुनगुनियाचे, तीन डेंगीचे आणि एक झिकाचा. ३० जुलैला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण जाहीर झाला, एक पन्नाशीतली स्त्री. तिला चिकुनगुनियाही होता, आणि ती बरी झाली. त्यानंतर मात्र बेलसरला कॅमेरे आले, केंद्राचे पथक आले, झिका या शब्दाचा शोध घेणाऱ्यांची गर्दी उसळली.

बेलसरचा क्रम लक्षात घ्या. आधी ताप, मग कोणा कर्मचाऱ्याची शंका, मग नमुने, आणि बातमी सगळ्यात शेवटी. बातम्यांची कितीही बारीक चाळणी लावली असती तरी हा झिका तिच्यात सापडला नसता, कारण चाळायला बातमीच नव्हती. समाजमाध्यमांवरून साथीचा माग काढण्याच्या कल्पनेचे जे भाबडे समर्थक आहेत, त्यांना बेलसरला घेऊन जायला हवे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एप्रिल २०२२ पासून दिल्लीच्या केंद्रात बातम्या चाळण्याचे काम माणसांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्ताही करते. वाधवानी एआय या संस्थेने बनवलेली ‘हेल्थ सेंटिनेल’ नावाची प्रणाली अनेक भारतीय भाषांतली ऑनलाइन वृत्ते वाचते. आजार, ठिकाण, रुग्णसंख्या वेगळी काढते, आणि एकाच घटनेच्या दहा बातम्यांची एक नोंद करते. तिच्या निर्मात्यांनी २०२५ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार तोवर तिने ३० कोटींहून अधिक बातम्या चाळल्या. त्यांतून ९५ हजारांवर वेगवेगळ्या घटना निघाल्या. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक घटना तज्ज्ञांनी संभाव्य उद्रेक म्हणून निवडल्या. ३० कोटींतून साडेतीन हजार. पूर्वी दिल्लीतली मोजकी माणसे इंग्रजी–हिंदी पानांनाही पुरत नव्हती. मराठी दैनिकाच्या तालुका आवृत्तीतली ‘गावात अतिसाराची लागण’ ही चार ओळींची बातमी त्यांच्या नजरेस पडणे कठीणच होते. आता ती पडू शकते. हा फरक लहान नाही.

पण यंत्र फक्त निवड करते. निवडलेली बातमी दिल्लीहून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला आणि जिल्ह्याकडून तालुक्याला येते, आणि शेवटी कोणीतरी मोटारसायकलला किक मारून त्या वस्तीवर जातो. विहिरीच्या पाण्यातले क्लोरिन ओटी चाचणीने तपासतो, जुलाब झालेल्यांची घरे मोजतो, नमुना घेतो. जिल्हा कक्षातला साथरोगतज्ज्ञ आणि माहिती व्यवस्थापक बहुधा कंत्राटी. आरोग्यसेवकाची जागा रिकामी असेल तर शेजारच्या उपकेंद्रावर भार. राज्याचे सर्वेक्षण अधिकारी म्हणून डॉ. प्रदीप आवटे यांचे नाव करोनाकाळात घरोघर पोहोचले, ते लेखक म्हणूनही मराठी वाचकांना माहीत आहेत. किक मारणाऱ्या माणसाचे नाव कुठेच येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमचे, जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत येऊ लागले. हातापायांतली शक्ती अचानक जाणारा हा आजार. इथे पहिला सुगावा लागला तो रुग्णालयांतल्या डॉक्टरांना. एरवी अधूनमधून दिसणारा आजार त्यांना एकाच भागातून पुन्हा पुन्हा दिसला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ते जाहीर झाले, राज्याने जलद प्रतिसाद पथक नेमले, पाण्याचे आणि शौचाचे नमुने तपासले गेले. रुग्णांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. मार्चपर्यंत संशयित रुग्ण सव्वादोनशेच्या आसपास गेले. बातम्यांचा पूर आला, चिकनवर पुन्हा एकदा बालंट आले, आणि पुण्यात शिकणाऱ्या बारामती–इंदापूरच्या मुलांना घरून ‘पाणी उकळून पी’ असे फोन गेले.

या प्रकरणातली एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. अचानक येणाऱ्या लुळेपणाची नोंद आपली यंत्रणा फार काटेकोरपणे ठेवते, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांची. पोलिओसाठी ती व्यवस्था नव्वदच्या दशकात उभी राहिली. लहान मुलांतल्या अशा लुळेपणाचे पोलिओ सोडून सगळ्यात मोठे कारण जीबीएसच असते, म्हणजे आजार यंत्रणेच्या ओळखीचा होता. वीस किंवा पन्नास वर्षांचा रुग्ण मात्र त्या रकान्यात बसत नव्हता. अशा वेळी रकान्याबाहेर पाहणारा डॉक्टर लागतो, किंवा मग ‘आमच्या सोसायटीत तिसरा रुग्ण’ असे कुणीतरी लिहावे लागते. समाजमाध्यमांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आधीच ठरवलेल्या आजारांच्या यादीत जे नाही, ते लोक यादी न पाहता बोलतात. त्याच महिन्यात बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस गळून टक्कल पडू लागले. कोणत्याही नमुन्यात ‘टक्कल’ असा रकाना नाही. तिथे मोबाइलवरच्या चित्रफितींनी जेवढ्या वेगाने वैद्यकीय पथके खेचून आणली, तेवढ्या वेगाने कोणताही मासिक अहवाल आणू शकला नसता.

दोन तालुक्यांकडे परत येऊ. वारीच्या दिवसांत इथे सर्वेक्षणाची चांगलीच तालीम होते. मुक्कामाच्या गावांत आधीपासून विहिरी आणि टँकरच्या पाण्याची तपासणी, हॉटेलवाल्यांची तपासणी, दिंड्यांबरोबर आरोग्यदूत, ताप आणि जुलाबांची रोजची मोजणी. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडीला गोल रिंगण पाहायला लोटणारी गर्दी कॅमेऱ्यांत असते, म्हणून वारकऱ्याचे उलटी–जुलाबही कॅमेऱ्यात येतात. लक्ष भरपूर, मनुष्यबळ भरपूर, आणि साथी बहुधा किरकोळीत आटोपतात.

नोव्हेंबरात गाळप सुरू होते आणि त्याच रस्त्यांच्या कडेला, त्याच शेतांत ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, नगरकडची कुटुंबे पाच-सहा महिने तिथे काढतात. पाणी कालव्याचे किंवा शेतमालकाच्या पाइपाचे. पोराला जुलाब झाले तरी कोयता थांबत नाही, कारण उचल घेतलेली असते. ही माणसे गावच्या ग्रुपवर नसतात. त्यांचा ग्रुप असला तर तो परळीचा किंवा आष्टीचा असतो. तिथे आलेला ‘पोरगी तापाने फणफणलीय’ हा संदेश ज्या तालुक्याच्या नावाने वाचला जाईल तो हा तालुका नव्हे. बातमीदारही कोपीवर सहसा जातो तो अपघात झाला तर. यंत्राने मराठीतली प्रत्येक बातमी वाचली तरी या वस्त्यांबद्दल ते निरंकच दाखवील. बारामतीवर महाराष्ट्रात सर्वाधिक प्रकाश पडतो, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. त्या प्रकाशाच्या कडेला अंधार किती दाट आहे हे पाहायचे तर गाळपाच्या हंगामात यावे. कारखान्यांकडून टोळ्यांच्या मुक्कामांच्या याद्या घेऊन आशाताईंनी तिथे जाणे, हा त्यावरचा एकमेव उपाय. तो जुना आहे, कष्टाचा आहे, आणि त्याला ॲप लागत नाही.

आता नागरिकांनाही या यंत्रणेला थेट कळवता येते. आपल्या परिसरात काही वेगळे घडते आहे असे वाटले तर संगणकीय अर्ज भरता येतो. घेण्याची सोय झाली, देण्याची राहिली. दिल्लीचे केंद्र देशातल्या उद्रेकांचा साप्ताहिक अहवाल प्रसिद्ध करते. त्यात जिल्हा, आजार, रुग्ण, मृत्यू, उद्रेक सुरू झाल्याची तारीख आणि कळवल्याची तारीख असे रकाने असतात, आणि या दोन तारखांमधले अंतर पाहत बसणे हा माझ्यासारख्याचा आवडता उद्योग आहे. पण तो अहवाल लोकांसमोर यायला बरेचदा काही आठवडे जातात. निमगाव केतकीच्या माणसाला या आठवड्यात आपल्या तालुक्यात डेंगीचे रुग्ण किती, हे जाणून घ्यायचे असेल तर तो काय करणार? तो ग्रुपवर विचारतो. ग्रुपवर एक बातमीदार असतो. बातमीदार तालुका आरोग्य अधिकाऱ्याला फोन लावतो, अधिकारी आकडा सांगतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते. मग दिल्लीतले यंत्र ती बातमी वाचते, संभाव्य उद्रेक म्हणून तिची नोंद करते, आणि ती शहानिशेसाठी राज्य, जिल्हा असा प्रवास करत त्याच तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या मेलवर येऊन पडू शकते: हे खरे आहे का?